एसीचं पाणी आणि एसीची वीज: इनडोअर युनिटचा ड्रेन आणि वायरिंग कसं करावं

स्प्लिट एसी बसवायला शिकणाऱ्याचं सगळं लक्ष गॅसकडे असतं. फ्लेअर कसा मारायचा, व्हॅक्यूम किती वेळ ठेवायचा, गेज कसा वाचायचा. ते यायलाच हवं. पण एसी बसून गेल्यावर घरोघरी ज्या तक्रारी निघतात त्यांत भिंतीवरून ओघळणारं पाणी आणि काळा पडलेला प्लग या दोन कायम भेटतात, आणि दोन्हींचं मूळ युनिट भिंतीवर चढण्याआधीच्या कामात असतं. नंतर दुरुस्ती करायची म्हणजे रंगवलेली भिंत फोडायची.

हा लेख तेवढ्याच दोन कामांचा आहे: इनडोअरचं, म्हणजे खोलीतल्या युनिटचं, पाणी बाहेर नेणं (ड्रेन) आणि त्याला वीज देणं. उदाहरणाला दीड टनाचा, भिंतीवरचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी धरला आहे. आयटीआयमध्ये शिकणारे, नुकते कामाला लागलेले, आणि घराचं काम चालू असताना पीओपीवाला व इलेक्ट्रिशियन यांच्यामध्ये उभं राहून निर्णय घ्यावा लागणारे घरमालक, तिघांनाही तो कामाला यावा. घरमालकांना मात्र एक सांगणं: नवं वायरिंग परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं असतं. हे वाचून स्वतः डीबी (घरातल्या विजेची वाटणी करणारा बोर्ड) उघडू नका. काम करणाऱ्याला नेमकं काय विचारायचं, त्याने काय दाखवायला हवं, ते कळावं म्हणून वाचा.

पाणी किती, हे आधी समजून घ्या

एसी चालू असताना इनडोअरच्या कॉइलचा पृष्ठभाग साधारण १० ते १४ अंशांवर असतो. खोलीतली दमट हवा त्यावरून गेली की हवेतली वाफ कॉइलच्या फिन्सवर पाणी होऊन जमते, खाली ओघळते आणि ट्रेमध्ये साठते. दीड टन म्हणजे सुमारे ५.२ किलोवॉट थंडावा. हवा चांगली दमट असेल तर त्यातला चौथा हिस्सा नुसता वाफेचं पाणी करण्यात खर्च होतो, आणि एक किलो वाफेचं पाणी होताना सुमारे २,४५० किलोज्यूल उष्णता काढून घ्यावी लागते. हिशोब केला तर पूर्ण जोरात चाललेला एसी तासाला दोन लिटरच्या आसपास पाणी काढतो. इन्व्हर्टर एसी खोली गार झाल्यावर मंदावतो, त्यामुळे रात्रभराचं पाणी याच्या आठपट भरत नाही. तरी मुंबई-ठाण्याच्या जुलैत सकाळपर्यंत अर्धी-पाऊण बादली सहज होते.

तोच एसी मे महिन्यात नागपूर-अकोल्याच्या कोरड्या हवेत जेमतेम थेंब गाळतो. म्हणून तिकडे उन्हाळ्यात बसवलेल्या एसीचा ड्रेन चुकला असला तरी दोन महिने कुणाला पत्ता लागत नाही. पाऊस पडून हवा दमट झाली की मग भिंत भिजायला लागते. एसी कोणत्याही महिन्यात बसवा, ड्रेन श्रावणाचा विचार करूनच टाका.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ट्रेतून निघणाऱ्या पाण्याला मागून कसलाही जोर नसतो. नळाचं पाणी टाकीच्या उंचीमुळे वरही चढतं. हे पाणी फक्त ढाळावर सरकतं. पाइप वाटेत एका जागी जरी वर उचलला गेला तरी पाणी तिथे थांबतं, मागे सरकतं आणि ट्रे भरून खोलीत पडतं. ढाळाबाबत तडजोड नाही. ढाळ मिळत नसेल तर युनिटची जागा बदला.

सुरुवात शेवटाकडून करा

बहुतेक जण आधी युनिटची जागा ठरवतात आणि मग पाणी कुठे सोडायचं ते शोधतात. उलटं करा. पाणी कुठे पडणार ते आधी ठरवा, तिथून मागे मोजत या आणि युनिट किती उंचीवर बसू शकतं ते पाहा.

पाणी सोडायला चांगली जागा म्हणजे बाथरूमची किंवा ड्राय बाल्कनीची नहाणी. पाइपाचं तोंड जाळीच्या बोटभर वर मोकळं सोडा, पाण्यात बुडवू नका. काही नव्या इमारतींत एसीच्या पाण्यासाठी वेगळी उभी लाइन असते, मग प्रश्नच नाही. बाल्कनीत बादली किंवा कॅन ठेवून पाणी साठवायलाही हरकत नाही, फक्त पाइप कॅनच्या तळाशी खुपसू नका. हे पाणी लादी पुसायला, झाडांना, गाडी धुवायला चालतं. पिऊ नका आणि घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीतही घालू नका. दिसायला स्वच्छ असलं तरी कॉइलवरची धूळ आणि धातूचे अंश त्यात उतरलेले असतात.

संडासाच्या किंवा सांडपाण्याच्या उभ्या पाइपाला ड्रेन थेट जोडायचा नाही. वाटेत पाण्याचा सापळा (पाणी साठून राहून वास अडवणारं वळण) नसला तर त्या पाइपातली घाण हवा ट्रेमार्गे झोपायच्या खोलीत येते, झुरळं येतात, आणि त्या हवेतला हायड्रोजन सल्फाइड तांब्याच्या कॉइललाही खातो. तसंच पाइप खिडकीबाहेर लोंबकळत सोडून खालच्या मजल्याच्या छज्जावर किंवा रस्त्यावर थेंब पाडणं हेही काम नव्हे. शेजाऱ्याच्या भिंतीवर हिरवं शेवाळ चढतं आणि ते त्याला रोज दिसतं.

आता उंचीचा हिशोब. आडव्या पाइपाला मीटरमागे किमान १ सेंटिमीटर ढाळ हवा. मी २ सेंटिमीटरच धरायला सांगेन, कारण क्लॅम्प सरकतो, पाइप उन्हाने वाकतो आणि प्लास्टर करणारा त्यावर हात दाबतो. समजा युनिटच्या ड्रेनचं तोंड जमिनीपासून २.२ मीटरवर आहे आणि बाथरूमपर्यंत ६ मीटर आडवं जायचंय. पाइप वाटेत १२ सेंटिमीटर उतरेल, म्हणजे शेवटी २.०८ मीटरवर येईल. बाथरूमच्या दाराची चौकट २.१ मीटर उंच असली तर पाइप चौकटीवर आपटला! हे कागदावर दोन मिनिटांत कळतं आणि युनिट १५ सेंटिमीटर वर घेऊन सुटतं. झिरी (पाइपासाठी भिंतीत कोरलेली खाच) मारल्यावर कळलं तर मिस्त्री चौकटीपाशी पाइप जरासा उचलून पुढे नेतो, आणि तो जरासाच पुढे छळतो. युनिट वर घेताना त्याच्या डोक्यावर हवा आत ओढायला जागा लागते हेही धरा. बहुतेक कंपन्या छतापासून १५ सेंटिमीटरच्या आसपास मोकळं ठेवायला सांगतात.

पाइप टाकणं

भिंतीतून किंवा फॉल्स सीलिंगमधून जाणाऱ्या ड्रेनला २५ मिमीचा कडक पीव्हीसी पाइप घ्या. युनिटसोबत येणारी वळ्यांची मऊ नळी फक्त युनिटपासून पाइपापर्यंतच्या तुकड्यापुरती. ती लांबवर भिंतीत गाडू नका. तिच्या प्रत्येक वळीत पाणी राहतं, पाण्यात बुळबुळीत थर धरतो, आणि दोन आधारांमध्ये ती झोळीसारखी खाली बसते.

भिंतीवर आधी लाइनदोरीने रेघ मारा. लेझर लेव्हल असेल तर उत्तम, नसेल तर पाण्याची लेव्हल ट्यूब पुरते. सुरुवातीची आणि शेवटची उंची मोजून लिहा, फरक बरोबर आला की मगच झिरी. कॉलम आणि बीमला कधीही झिरी मारायची नाही. चार इंची भिंतीत आडवी खोल झिरी मारणंही टाळा, तिथे पाइप भिंतीबाहेरून केसिंगमध्ये नेलेला बरा.

पाइप कापल्यावर कडेचा भुसा खरवडून काढा, दोन्ही टोकं कोरड्या फडक्याने पुसा, सोल्यूशन लावा आणि जोड थोडा फिरवून आत दाबून धरा. सोल्यूशन आत लोंबेल इतकं फासू नका, आतल्या बाजूला त्याचा कडा तयार होतो आणि कचरा तिथेच अडकतो. वळणाला काटकोनी एल्बोऐवजी शक्य तिथे ४५ अंशांचे दोन बेंड वापरा. लांब ओळीत मध्ये कुठेतरी टी टाकून तिला उघडता येईल अशी टोपी लावा. पुढे पाइप तुंबला तर हीच टोपी भिंत वाचवते. आडव्या पाइपाला मीटरच्या आत एक क्लॅम्प हवा.

दोन-तीन खोल्यांचे एसी एकाच लाइनवर घ्यायचे असतील तर मुख्य पाइप ३२ किंवा ४० मिमीचा करा आणि प्रत्येक एसीची फांदी त्यात वरून उतरू द्या. बाजूने समोरासमोर जोडलेल्या फांद्यांमध्ये एका खोलीचं पाणी दुसऱ्या खोलीच्या ट्रेकडे निघतं.

कधीकधी लांब लाइनचं शेवटचं टोक नाइलाजाने पाण्याच्या सापळ्यात जातं. अशा वेळी पाइपातल्या हवेला बाहेर पडायला वाट उरत नाही आणि ढाळ असूनही पाणी अडून बसतं. युनिटजवळच एक टी टाकून तिचं तोंड वर, ट्रेच्या पातळीहून उंच, मोकळं ठेवा. हवा तिथून निघून जाते.

ड्रेनला इन्सुलेशन लावायचं का, यावर साइटवर नेहमी वाद होतो. निघणारं पाणी गारच असतं, १२-१५ अंशांचं. ज्या खोलीत एसी चालू आहे तिथली हवा कोरडी झालेली असते, त्यामुळे तिथे उघड्या पाइपाला फारसा घाम सुटत नाही. पण पाइप पॅसेजमधून, स्वयंपाकघराच्या वरून किंवा फॉल्स सीलिंगच्या पोकळीतून गेला की त्याला पावसाळी हवा भेटते. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असताना २६ अंशांखालच्या कोणत्याही पृष्ठभागावर दव धरतं. मग पाइप आतून एक थेंबही न गळता बाहेरून भिजतो आणि पीओपीवर तपकिरी डाग उमटतात. म्हणून एसी नसलेल्या जागेतून, पोकळीतून आणि भिंतीतून जाणाऱ्या पूर्ण पाइपावर ९ मिमी नायट्राइल रबराची नळी चढवा, सांधे चिकटवा. २५ मिमीच्या पाइपावर ती चढली की जाडी ४३ मिमी होते, झिरी तेवढी रुंद लागेल हे आधीच सांगून ठेवा.

झिरी बुजवण्याआधी खालचं तोंड टोपीने बंद करून पाइप पाण्याने भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी पातळी तेवढीच असली आणि सांधे कोरडे असले तर पाणी सोडून द्या. मग भिंतीला टेप लावून, उंची दिसेल असे फोटो काढा आणि घरमालकाला पाठवा. पुढे कुणी चित्र टांगायला खिळा मारणारच आहे. उघडी तोंडं टोपीने बंद करा. कापडाचा बोळा कोंबला तर तो आत सरकतो, आणि प्लास्टरचा चिखल त्याच्या बाजूने पाइपात उतरतो.

भिंतीचं भोक आणि युनिट

पाइप, केबल आणि ड्रेन एकत्र बाहेर न्यायला ६५ मिमीचं भोक साधारण पुरतं. कोअर कटिंगच्या, म्हणजे यंत्राने गोल भोक पाडण्याच्या, आधी त्या जागी भिंतीत वायर किंवा पाण्याची लाइन नाही ना ते पाहा. भोक बाहेरच्या बाजूला ५ ते १० मिमी उतरतं असू द्या, म्हणजे ड्रेनला ढाळ मिळेल आणि पावसाचं पाणी आत येणार नाही. काम झालं की भोक बाहेरून पुट्टीने नीट बुजवा. उघड्या भोकातून पाल, मुंग्या आणि दमट हवा तिन्ही येतात, आणि ही हवा युनिटच्या पाठीवर पाणी धरते.

टेपने जुडगा बांधताना क्रम असा: तांब्याचे पाइप वर, केबल बाजूला, ड्रेन सगळ्यांत खाली. ड्रेन वर बांधला की भोकात शिरताना तो पाइपांवरून उंट होऊन जातो, आणि तिथेच पाणी अडतं. टेप इतकी आवळू नका की मऊ नळी चपटी होईल.

माउंटिंग प्लेट स्पिरिट लेव्हल लावून सरळ बसवा. ड्रेनच्या बाजूला युनिट थोडं झुकवलं तर पाणी लवकर जाईल असं वाटतं, पण ट्रेला कारखान्यातच आतून उतार दिलेला असतो. युनिट सरळच हवं. ड्रेनच्या उलट बाजूला तर एक मिलिमीटरही झुकू देऊ नका. बहुतेक युनिटना ड्रेनची दोन तोंडं असतात, डावीकडे आणि उजवीकडे, आणि न वापरलेल्या तोंडात रबराचं बूच असतं. बाजू बदलताना बूच दुसऱ्या तोंडात शेवटपर्यंत दाबून बसवा. सरकावं म्हणून त्याला तेल लावू नका, तेलाने रबर खराब होतं.

मऊ नळी पीव्हीसी पाइपाच्या आत जायला हवी, पाइप नळीच्या आत नव्हे. पाणी ज्या दिशेने जातं त्या दिशेला प्रत्येक जोड पुढच्यात शिरलेला असावा. अडॅप्टर मिळत असेल तर वापरा. फक्त टेप गुंडाळलेला जोड एक पावसाळा काढतो, दुसरा नाही.

पाणी ओतून पाहिल्याशिवाय शिडी उचलू नका

समोरचं पॅनेल उघडा, फिल्टर काढा आणि बाटलीने लिटरभर पाणी कॉइलवरून हळूहळू ट्रेमध्ये सोडा. सर्किटचा डबा बहुधा उजव्या बाजूला असतो, तिकडे थेंब जाऊ देऊ नका, आणि ही चाचणी वीज जोडण्याआधीच उरका. दुसऱ्याला खालच्या टोकाशी मापी भांडं घेऊन उभं करा. पाणी अर्ध्या-एक मिनिटात वाहायला लागून एकसारखं आलं पाहिजे आणि जवळजवळ सगळं बाहेर आलं पाहिजे. थांबून थांबून, बुडबुडे करत आलं तर कुठेतरी उंचवटा किंवा हवेचा अडसर आहे. अर्धंच आलं तर उरलेलं कुठल्या तरी झोळात बसलंय, ते शोधा.

पीओपी आणि रंगाचं काम संपल्यावर हीच चाचणी पुन्हा करा.

वीज: डीबीपासून युनिटपर्यंत

आधी विजेचं बिल पाहा. महावितरण असो वा बेस्ट, मंजूर भार बिलावर छापलेला असतो. दोन-तीन एसी वाढवणार असाल तर भार वाढवून घेण्याचा अर्ज कामाआधी करा.

प्रत्येक एसीला डीबीपासून स्वतंत्र लाइन हवी. गीझर किंवा खोलीतल्या दुसऱ्या प्लगवरून फांदी काढायची नाही. दीड टनाच्या इन्व्हर्टर एसीचा करंट साधारण ७-८ अँपिअर असतो आणि जोरात चालताना १०-१२ पर्यंत जातो. खरा आकडा युनिटच्या प्लेटवर असतो, तोच धरा. यासाठी ४ चौरस मिमी, म्हणजे साइटच्या भाषेत ‘चार एमएम’, तांब्याची, आयएस ६९४ या भारतीय मानकाची वायर वापरा. एक टनाला अडीच एमएम चालते, पण भिंतीत एकदा गाडलेली वायर वीस वर्षं तिथेच राहणार आहे आणि उद्या त्या खोलीत मोठा एसी येऊ शकतो. मी चारच टाकायला सांगतो. फेजला लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रलला काळी, अर्थिंगला हिरवी किंवा हिरवी-पिवळी. हिरवी वायर दुसऱ्या कशालाही वापरायची नाही, उरली म्हणूनही नाही.

एमसीबी (करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा, म्हणजे बंद होणारा स्विच) सी कर्व्हचा: एक टनाला १६ अँपिअर, दीड टनाला २० अँपिअर हे नेहमीचं माप, कंपनीने पुस्तिकेत वेगळं दिलं असेल तर तेच. एमसीबी वारंवार पडतो म्हणून मोठा बसवणं हा उपाय नाही. एमसीबी वायरला वाचवण्यासाठी असतो. तो वायरच्या ताकदीपेक्षा मोठा झाला तर आधी वायर तापेल.

अर्थिंगबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण इथेच सगळ्यांत जास्त हलगर्जी होते. सी कर्व्हचा २० अँपिअरचा एमसीबी क्षणात पडायची खात्री हवी असेल तर दोषाच्या वेळी त्याच्या मापाच्या दहापट, सुमारे २०० अँपिअर वाहावे लागतात. २३० व्होल्टला २०० ने भागलं तर येतात १.१५ ओहम. म्हणजे फेज आणि अर्थिंग मिळून संपूर्ण वाटेचा अडथळा एवढ्याच्या आत हवा. आता समजा सोसायटीचा अर्थिंगचा खड्डा सुकलाय आणि ही वाट ५ ओहमची झाली. फेज युनिटच्या धातूला टेकली तर ४६ अँपिअर वाहतील, एमसीबी लगेच पडणार नाही, आणि तेवढा वेळ धातूचा तो भाग जिवंत राहील. म्हणून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (थोडासा करंट अर्थकडे गळला तरी लाइन तोडणारा स्विच) हवीच. इन्व्हर्टर एसीत इलेक्ट्रॉनिक्स असल्याने ती ए टाइपची घ्या. एसीची न्यूट्रल दुसऱ्या लाइनच्या न्यूट्रलला कुठेही जोडली गेली तर आरसीसीबी विनाकारण पडेल. मग ती काढून टाकण्याऐवजी तो जोड शोधा.

एसीजवळ साध्या १६ अँपिअरच्या प्लगऐवजी एमसीबीसह येणारा मेटलक्लॅड (धातूच्या आवरणाचा) एसी बॉक्स किंवा डीपी स्विच (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) लावा. साधा प्लग का जळतो? सैल पिनेच्या जोडात समजा अर्धा ओहम अडथळा आला आणि १० अँपिअर वाहिले, तर तिथे ५० वॉट उष्णता तयार होते. घरगुती सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं आणि त्याने कथील वितळतं. एमसीबीला यातलं काहीच कळत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. उलट नीट टाकलेल्या २० मीटर चार एमएम वायरीत १० अँपिअरला जेमतेम २ व्होल्ट पडतात. एसी चालू झाल्यावर व्होल्टेज फार खाली येत असेल तर जोड तपासा.

इनडोअर ते आउटडोअर

इन्व्हर्टर एसीत या दोघांमध्ये बहुधा चार तारा जातात: फेज, न्यूट्रल, सिग्नल आणि अर्थिंग. काही कंपन्या वीज इनडोअरला देतात, काही आउटडोअरला. अंदाज करू नका, झाकणाच्या आत चिकटवलेला वायरिंगचा नकाशा पाहा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. टर्मिनलवर १, २, ३ असे आकडे असतात. इनडोअरचा १ आउटडोअरच्या १ लाच गेला पाहिजे. पुष्कळ मॉडेलमध्ये सिग्नल न्यूट्रलच्या आधाराने चालतो, त्यामुळे फेज-न्यूट्रल उलटे झाले की दिवे लागतात, पंखाही फिरतो, पण थोड्या वेळाने संपर्काचा एरर येतो आणि कंप्रेसर सुरू होत नाही. नवखा माणूस इथे पीसीबी (सर्किटचं कार्ड) गेला म्हणून सांगून मोकळा होतो. आणि सिग्नलची तार म्हणजे बारीकशी, निरुपद्रवी तार, असं समजू नका. तिच्यावरही घातक व्होल्टेज असू शकतं.

केबल कंपनीने दिलेल्या मापाची, अखंड घ्या. मध्ये जोड नको. घेतानाच तिच्यात हिरवी तार आहे ना ते पाहा. टोकांना योग्य मापाचे थिंबल (तारेच्या टोकाची धातूची टोपी) दाबून पक्के, म्हणजे क्रिंप, करा. थिंबल बसत नाही म्हणून चार-सहा तारा कापून टाकू नका. एका स्क्रूखाली दोन वेगळ्या जाडीच्या तारा नको. अर्थिंगची तार बाकीच्यांपेक्षा थोडी लांब ठेवा, म्हणजे केबल ओढली गेली तर ती सगळ्यांत शेवटी सुटेल. स्क्रू आवळल्यावर प्रत्येक तार हाताने ओढून पाहा, मग केबल क्लॅम्प लावा. हा क्लॅम्प डब्यात राहिलेला मी कितीतरी ठिकाणी पाहिलाय. तो नसेल तर केबलचा सगळा भार टर्मिनलवर येतो.

बाहेर केबल आउटडोअरमध्ये शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या, पावसाचं पाणी त्या झोलावरून टपकून जाईल. ड्रेनला झोल नको, केबलला हवा. उन्हात केबल कंड्युटमधून न्या. आणि ड्रेनचा कोणताही जोड डीबी, स्विच किंवा एसी बॉक्सच्या डोक्यावर येता कामा नये.

चालू करण्याआधी आणि नंतर

साध्या टेस्टरच्या दिव्यावर विसंबू नका, मल्टिमीटर लागतो. वायरिंग एसीला जोडण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरीचं इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ तपासा, १ मेगाओहमच्या वर आलं पाहिजे. नवी वायर याच्या कितीतरी वर दाखवते. एसी जोडलेला असताना मेगर लावायचा नाही, पीसीबी जाईल. मग वीज देऊन फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत आहे ना ते पाहा. फेज-अर्थ बरंच कमी दाखवत असेल तर अर्थिंग नाही असं समजून थांबा. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून ती पडते का पाहा.

आता एसी कूलिंगवर, सर्वांत कमी तापमानावर लावा. कंप्रेसर सुरू व्हायला तीनेक मिनिटं लागतात, इन्व्हर्टरचा करंट हळूहळू चढतो. अर्ध्या तासाने क्लॅम्प मीटरने करंट घ्या, प्लेटवरच्या आकड्याशी ताडून पाहा. नंतर एमसीबी बंद करा आणि एसी बॉक्सची प्लगटॉप (पिनांचा प्लग) काढून तिच्या पिना किती गरम झाल्यात ते पाहा. हाताला चटका बसण्याजोग्या असतील तर जोड सैल आहे. आउटडोअर उघडायचं असेल तर एमसीबी पाडल्यावर किमान दहा मिनिटं थांबा. आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर डीसी साठलेलं असतं, ते उतरलंय हे मीटरने मोजल्याशिवाय हात घालू नका.

पुढे पाणी आलंच तर

एसी चालू केल्यावर अर्ध्या-एक तासात समोरून पाणी पडलं तर ट्रेच्या तोंडाशीच अडलंय किंवा बूच सुटलंय. दोन-तीन तासांनी पडलं तर पाइपात उंचवटा आहे. पाणी युनिटच्या मागून भिंतीला धरून येत असेल तर भोकातलं इन्सुलेशन उघडं राहिलंय. फक्त पावसाळ्यात आणि युनिटपासून लांब डाग येत असेल तर पाइपाचा घाम. वर्ष-दोन वर्षं नीट चालून मग सुरू झालं असेल तर आत बुळबुळीत थर धरलाय, किंवा बाहेरच्या उघड्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर केलंय. हे कोकणात आणि गावाकडच्या घरांत फार होतं. तोंडाला काढता येईल अशी रुंद भोकांची जाळी लावा. बारीक जाळी स्वतःच तुंबते.

कॉइलवर बर्फ दिसला तर ड्रेनला दोष देऊ नका. फिल्टर घाण आहे किंवा गॅस कमी आहे, आणि एसी बंद झाल्यावर तो बर्फ एकदम वितळून ट्रेच्या कडेवरून सांडतो.

एक तक्रार अशी असते की युनिटमधून रात्री गुडगुड आवाज येतो आणि मध्येच पाणी शिंतडतं. घर सगळ्या बाजूंनी बंद असताना स्वयंपाकघराची चिमणी किंवा एक्झॉस्ट फॅन चालू असला की घरातली हवा बाहेर ओढली जाते, आणि तिच्या जागी बाहेरची हवा ड्रेनमधून आत शिरते, येणाऱ्या पाण्याला मागे रेटत. खिडकी दोन बोटं उघडून पाहा. आवाज थांबला तर निदान पक्कं झालं, आणि ड्रेनवर हवा अडवणारा छोटा व्हॉल्व्ह बसवला की काम होतं.

सर्व्हिसिंग मे महिन्याच्या अखेरीस करून घ्या. तेव्हा ड्रेन बाहेरच्या टोकाकडून वेट व्हॅक्यूमने (पाणी ओढणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरने) ओढून घ्या, वरून साधं पाणी सोडा. आम्ल किंवा ब्लीच कॉइलवरून ओतू नका, ॲल्युमिनियमच्या फिन्स खराब होतात. त्याच फेरीत एमसीबी पाडून दोन्ही युनिटांच्या टर्मिनलचे स्क्रू पुन्हा एकदा आवळून घ्या.